एडविनची गोल्फची तिकिटं

एलिया रणभिसेनं आयुष्यात पुष्कळ माणसं नालायक ठरवली होती. त्यातली बरीच मेली होती, काही विलायतेला परत गेली होती. पण रोज आपल्याच पंगतीला बसून आपल्याच डाळीत भाकरी कुस्करणारा नालायक असा एकच उरला होता, आणि तो त्याचा थोरला मुलगा एडविन.

एडविनमध्ये तसं वाईट काही नव्हतं. शिरूरच्या पोस्टात तो टपाल निवडणारा सॉर्टर होता. दारूला शिवत नव्हता. रविवारच्या उपासनेला पुढच्या बाकावर बसून खड्या आवाजात गायचा. पण एडविन गोल्फची तिकिटं जमवायचा, आणि ज्या माणसाला असलं काही सुचतं त्याच्या बाकीच्या गुणांचं काय लोणचं घालायचं, असं एलियाचं मत होतं.

नुसती तिकिटं जमवली असती तर एलियानं काणाडोळा केला असता. मिशन कंपाउंडातले दोन मास्तर तिकिटं जमवायचे. एकाला पाखरांची आवडायची, दुसऱ्याला आगगाड्यांची. त्यांच्या वह्या भरत होत्या, माणसं बघायला यायची. एडविनला मात्र गोल्फचीच हवी होती. आणि तेव्हा, म्हणजे साठ-एकसष्टच्या सुमाराला, साऱ्या जगानं मिळून गोल्फची जी तिकिटं काढली होती ती मोजायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त झाली असती.

सुरुवात जपानी तिकिटानं झाली होती. मिशनच्या बंगल्यातल्या मिसबाईंना जपानहून पत्र आलं, त्यावरचं तिकीट एडविननं मागून घेतलं. तिकिटावर डोंगर होता आणि डोंगराच्या पुढं मोकळं रान. ते रान गोल्फचं मैदान आहे, असं मिसबाईंनी सहज सांगितलं. एडविन सायकल दामटत घरी आला.

"आबा, हे बघा. तुमचा गोल्फ."

एलियानं तिकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं. "डोंगर हाय."

"डोंगराच्या खाली बघा."

"गवत हाय. म्हशी सोडायच्या जागंवानी."

"ते गोल्फचं मैदान आहे."

"मंग निशाण कुठं हाय? भोक कुठं हाय? गवत दावायचं आन् गोल्फ म्हनायचं. उद्या मी बी घोडनदीचा काठ दावून म्हनंन, ह्ये गोल्फ हाय."

एडविननं तिकीट चिमट्यात धरून परत घेतलं. त्याच आठवड्यात पुण्याहून त्यानं जाड पानांचा आल्बम आणला आणि पहिल्या पानावर लिडियाकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून, वळणदार इंग्रजीत 'गोल्फ' असं लिहून घेतलं. लिडिया मिशनच्या शाळेत शिकवायची. घरात इंग्रजी खरं तिलाच येत होतं. एडविनला पत्ते वाचता येत.

पुढं तिकिटं मिळेनात तेव्हा एडविननं वाट काढली. इंग्लंडच्या एका जुन्या राजाला गोल्फचा नाद होता, असं त्यानं कुठंतरी वाचलं. झालं, तो राजा आल्बमात गेला. एक रंग, दुसरा रंग, तिसरा रंग, असा तो राजा अकरा वेळा चिकटला. नुसतं मुंडकं, हातात काठी नाही, पायात बूट नाही.

एलियानं ते पान पाहिलं, बोटानं मुंडकी मोजली. मग म्हणाला, "ह्यो राजा जेवत बी आसंल. मंग जेवनाची तिकिटं म्हनून का न्हाई लावलीस?"

लिडिया तोंड फिरवून हसली. एडविन हसला नाही. तो या बाबतीत हसत नसे.

आता एलियाला एवढा तिटकारा का, तर हा खेळ त्या घरात कुणाला माहीत असला तर त्याला एकट्यालाच होता. पंचवीस वर्षं त्यानं तो पाहिला होता, आणि तोही फार जवळून.

दौंडला रेल्वेच्या साहेबांचं गोल्फचं मैदान होतं. यार्डाच्या पलीकडं, भीमेच्या अंगाला, बाभळी तोडून केलेलं. दौंडच्या उन्हात हिरवळ टिकायची नाही, म्हणून चेंडू जिथं भोकात घालायचा तिथं गवताऐवजी वाळूची गोल खळी असायची. भीमेतली वाळू आणायची, तीन वेळा चाळायची, लोको शेडमधलं जळकं ऑइल तिच्यात कालवायचं आणि बैलानं ओढायच्या लोखंडी रुळानं दाबून काढायची. मग ती शेणानं सारवलेल्या अंगणासारखी चापून बसे. रंगानं काळपट तपकिरी, म्हणून साहेब तिला ब्राऊन म्हणत. अशा नऊ खळ्या होत्या, आणि सन बावीसपासून सत्तेचाळीसपर्यंत त्या नऊच्या नऊ एलियानं सांभाळल्या. साहेब खेळून पुढं गेले की त्यांच्या बुटांचे ठसे गोणपाट ओढून पुसायचे. ऑइल कमी झालं तर चेंडू अडतो, जास्त झालं तर लडबडतो. ते प्रमाण एलियाच्या बोटांत होतं. साहेबांच्या कुठल्या पुस्तकात ते नव्हतं.

आणि गोणपाट हातात धरून बाजूला उभं राहिलं की सगळं दिसतं. कोण मारायच्या आधीच मान वर करतो, कोण काठी कुऱ्हाडीसारखी धरतो, कोण चेंडू बाभळीत गेला की पायानं हळूच बाहेर सारतो. ज्या माणसांपुढं सगळं दौंड स्टेशन ताठ उभं राहायचं ती माणसं त्या मैदानात किती बावळट होती, हे एलियानं रोज संध्याकाळी पाहिलं. त्यामुळं साहेब या जातीविषयी त्याला आयुष्यभर धाक असा कधी वाटलाच नाही. वाटला तो कंटाळा.

सत्तेचाळीसला साहेब गेले. मैदानात पुन्हा बाभळी माजल्या. एलियाला रुळांच्या गँगवर धाडलं. तिथून तो निवृत्त झाला आणि बायको गेल्यावर दौंडची खोली सोडून शिरूरला एडविनकडं राहायला आला. येताना एक पत्र्याची पेटी आणि एक बहिरा कान घेऊन आला.

त्या कानाबद्दल त्यानं घरात कधी खरं सांगितलं नव्हतं. मुलं लहान असताना विचारायची तेव्हा तो म्हणायचा, यार्डात इंजिनाची शिटी कानाशी वाजली, पडदा फाटला. खरं म्हणजे कान एका साहेबाच्या चेंडूनं गेला होता. पण रेल्वेतला माणूस इंजिनानं बहिरा झाला तर त्यात काही शोभा असते. कुणाच्या तरी खेळातला चेंडू लागून बहिरा झालो, हे मुलांना काय सांगायचं. बायकोला तेवढं माहीत होतं, आणि ती ते बरोबर घेऊन गेली.

त्रेसष्ट साली एडविनला एका मासिकाच्या मागच्या पानावर स्कॉटलंडमधल्या एका म्हाताऱ्या साहेबाचा पत्ता मिळाला. लॉरिमर त्याचं नाव, पण घरात एडविन त्याला 'स्कॉटलंडचे साहेब' एवढंच म्हणायचा. तोही गोल्फचीच तिकिटं जमवायचा आणि अदलाबदलीला तयार होता. एडविन मजकूर सांगायचा, लिडिया इंग्रजी करून लिहायची. लॉरिमरची उत्तरं छोटी आणि टाइप केलेली यायची, त्यात आल्बमात लावण्याजोगं फारसं काही नसायचं. केप व्हर्दे नावाच्या पोर्तुगीजांच्या बेटांनी नुकतंच एक तिकीट काढलं होतं. त्यावर डोंगर नाही, राजा नाही, खुद्द खेळणारा माणूस होता. एडविननं त्याचं वर्णन वाचलं आणि त्याची झोप उडाली. लॉरिमरकडं ते जास्तीचं होतं. पण एडविनकडं त्याच्या बदल्यात देण्यासारखं काही नव्हतं.

मग एक दिवस लिडिया लेखणी हातात धरून सासऱ्याच्या खाटेपाशी आली.

"मामंजी, तुम्ही दौंडच्या क्लबात सेक्रेटरी होतात का?"

एलियानं चांगला कान पुढं केला. "काय हुतो?"

"सेक्रेटरी. चिटणीस. हे म्हणतात, तसं लिही. साहेबाला बरं वाटेल, तिकीट पाठवेल."

एलिया अंगणातल्या एडविनकडं बघत राहिला. एडविन पाठमोरा होऊन सायकलची साखळी पुसत होता, जी सकाळीच पुसून झाली होती.

"लिव्ह," एलिया म्हणाला. "बैल बी हुता आमचा. त्याला बी खजिनदार करून टाक."

लिडियानं बैलाचं गाळलं, बाकीचं लिहिलं.

खोटं एकदा कागदावर गेलं की माणसाला ते स्वतःलाच खरं वाटू लागतं. चौसष्टच्या जानेवारीत मिशनच्या शाळेत छंदांचं प्रदर्शन भरलं. मास्तरांची पाखरं होती, आगगाड्या होत्या, कुणाचं भरतकाम, कुणाचे शंख. एका टेबलावर एडविन आपला राजा अकरा वेळा पसरून उभा होता. कोट घातलेला, केसांना तेल. उद्घाटनाला सोसायटीचे चेअरमन आनंदराव आले होते. गडी जमीनजुमल्यात मोठा, बोलायला मोकळा. टेबलांवरून फिरत ते एडविनपाशी आले, तिकिटांकडं पाहिलं, आणि काय बोलावं ते न सुचून थांबले.

एलिया येणार नव्हता. लिडियानं आग्रहानं आणून त्याला टेबलामागच्या खुर्चीवर बसवला होता.

"हे माझे वडील," एडविन म्हणाला. "दौंडच्या गोल्फ क्लबाचे सेक्रेटरी होते. साहेबांच्या वेळी."

आनंदरावांनी हात जोडले. "म्हंजी आबा लई मोठ्या जागंवर हुते म्हनायचं. मंग तुम्हीच सांगा की, ह्यो खेळ असतो कसा? आमी तर कवा पाह्यला न्हाई."

मागं दहाबारा माणसं जमली होती. एलियानं एकवार मुलाकडं पाहिलं. एडविनच्या चेहऱ्यावर विनवणी होती. ती नसती तर एलिया कदाचित गप्प बसलाही असता. पण मोठ्या वयाच्या माणसाच्या तोंडावर तसली विनवणी त्याला बघवत नसे.

"सोपा हाय," तो म्हणाला. "एक जन काठीनं चेंडू मारतो. चेंडू लांब जातो. मंग दुसरा जन त्यो हुडकतो."

"आन् तुमी?"

"मी हुडकनाऱ्यांतला. हुडकून झालं की वाळूवर गोणपाट वढायचं. बैलानं शेन टाकलं तर ते बी मीच उचलायचं."

आनंदरावांना आधी वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग त्यांच्या लक्षात आलं की करत नाही, आणि ते जोरात हसले. मागची माणसंही हसली. "मंग सेक्रेटरी कोन हुतं, आबा?"

"हुता एक साहेब. त्याला चेंडू मारता बी यायचा न्हाई आन् हुडकता बी यायचा न्हाई. म्हनून त्याला सेक्रेटरी केलावता."

प्रदर्शनात सगळ्यांत जास्त गर्दी त्या दिवशी एडविनच्या टेबलापाशी झाली. तिकिटांकडं कुणी बघत नव्हतं. आनंदराव खुर्ची ओढून बसले आणि कुठला साहेब कसा खेळायचा ते अर्धा तास विचारत राहिले, आणि एलिया सांगत राहिला. एडविन कोटाच्या खिशात हात घालून खिडकीशी उभा होता.

घरी जाताना लिडिया पुढं चालली होती. मागून एडविन म्हणाला, "चारचौघांत असं बोलायची गरज होती?"

"चारचौघांत तूच सांगितलंस. घरात सांगितलं असतंस तर घरात बोललो असतो."

"माझी शोभा झाली."

"तुझी कशी झाली? शेन मी उचललं."

त्यानंतर बापलेक पाचसहा महिने कामापुरतं बोलत होते. पाणी तापलंय, दार लावा, एवढंच. एलियाला त्याचं सुखदुःख नव्हतं. ज्याला बापाच्या कामाची लाज वाटते आणि बापाच्या खेळाचा मात्र आल्बम करावासा वाटतो, आणि खेळही बापाचा नव्हे, बापाच्या साहेबांचा, अशा माणसाशी बोलण्यासारखं होतं तरी काय?

जुलैत लॉरिमरचं उत्तर आलं. यावेळी टाइप केलेलं नव्हतं, हातानं लिहिलेलं होतं, आणि चांगलं चार पानी होतं. पाकिटातून पारदर्शक कागदाची लहानशी घडी निघाली. एडविननं ती जपून उघडली. केप व्हर्देचं तिकीट होतं. काठी घेतलेला माणूस, स्पष्ट, अख्खा, रंगीत.

"वाच," तो लिडियाला म्हणाला. त्याचे डोळे तिकिटावरून हलत नव्हते.

लिडिया वाचून मराठीत सांगू लागली. एलिया दाराशी सुपारी कातरत बसला होता. लॉरिमरनं लिहिलं होतं की दौंडचं नाव वाचून आपल्याला मोठं नवल वाटलं, कारण आपण स्वतः चौतीस ते छत्तीस दौंडला इंजिनिअर होतो. ते मैदान, ती धूळ, संध्याकाळचा वारा, सगळं आठवलं. मात्र क्लबात हिंदुस्थानी सेक्रेटरी कधी नव्हता. हिंदुस्थानी सभासदही नव्हता. तेव्हा तुमचा काहीतरी गैरसमज झाला असावा.

लिडिया थांबली.

"वाच की," एलिया म्हणाला.

"पुढं लिहिलंय, 'पण एलिया नावाचा एक नोकर होता. वाळूच्या खळ्या तो फार उत्तम राखायचा, तसा माणूस मला पुन्हा कुठं भेटला नाही. तुमचे वडील म्हणजे तोच काय? मोठा मजेशीर प्राणी होता. एकदा माझा चेंडू बिचाऱ्याच्या कानावर बसला. आम्ही त्याला ताबडतोब इस्पितळात पोहोचवलं. आता बरा आहे ना? त्याला माझी आठवण सांगा. सोबत तुम्हाला हवं असलेलं तिकीट पाठवतो आहे, त्याच्या बदल्यात काही नको.'"

एडविननं पहिल्यांदा तिकिटावरून नजर उचलली. "आबा, कान इंजिनानं गेला म्हणाला होतात."

"म्हनलो हुतो."

"मग?"

एलियानं अडकित्ता खाली ठेवला. "लोरीमर. उंच, लाल मानंचा. दोन वर्सं खेळला, पन मारताना डोकं खाली ठिवायचं एवढं त्याला जमलं न्हाई. सातव्या भोकापाशी मी निशाण धरून हुबा हुतो. त्यानं लांबनं मारला. चेंडू आला त्यो सरळ हितं." त्यानं कानामागं बोट लावलं. "मी आडवा झालो. चेंडू माझ्या डोक्यावरनं उडून वाळूत गेला आन् भोकापासनं हातभर थांबला. दोघं पळत आले. दुसरा साहेब म्हनला, ह्याला उचलू. लोरीमर म्हनला, जरा थांब. मी खाली पडल्या पडल्या बघतोय. त्यानं वाकून नेम धरला, आन् चेंडू भोकात घातला. मंग मला उचलला."

लिडियाच्या हातातला कागद खाली आला. "आधी खेळ पुरा केला?"

"दोन वर्सांत तेवढं एकच भोक त्यानं जिंकलं आसंल. त्ये बी माझ्या टाळक्यानं." एलियानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "ताबडतोब म्हनं."

एडविननं तिकीट चिमट्यानं उचललं, पारदर्शक कागदात परत ठेवलं आणि कागद आल्बमात. त्याच्या बोटांची ती काळजी, तो जपून धरलेला श्वास एलियानं पाहिला, आणि मनात म्हणाला, बरोबर आहे. तुला पाहिजे होतं ते मिळालं. बापाचा कान जुनाच गेलेला आहे, तिकीट नवीन आहे.

"चांगलं हाय नव्हं तिकीट?" तो उठत म्हणाला. "मंग झालं."

दोन दिवसांनी एडविननं लिडियाला उत्तर लिहायला बसायला सांगितलं. लिडिया म्हणाली, "मी नाही. त्या माणसाचे आभार मानायला माझ्या हातानं होणार नाही." एडविननं वाद घातला नाही. तो कागद घेऊन पोस्टात गेला आणि दुपारच्या सुट्टीत तिथल्याच बाकावर बसून त्यानं एकट्यानं काहीतरी लिहिलं, असं पोस्टमन मल्हारीनं जाता जाता एलियाला सांगितलं. "लई येळ लिवत हुते. चार कागद फाडले."

चार कागद फाडून आभार मानतोय, असं एलियानं समजून घेतलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

पावसाळा गेला. सुगीचे दिवस आले. स्कॉटलंडहून काही आलं नाही. एडविनचा चेहरा टपालाच्या वेळेला पूर्वी जसा उतावीळ व्हायचा तसा आता होत नव्हता. नाताळ आला. गेल्या नाताळाला लॉरिमरचं बर्फाचं चित्र असलेलं कार्ड आलं होतं आणि एडविननं ते उपासनेत दाखवत फिरवलं होतं. यंदा कार्ड नाही. नाताळानंतरच्या एका दुपारी लिडिया अंगणात करंज्यांचे डबे धुऊन वाळत घालत होती, तेव्हा एलियानं विचारलं, "त्यो लोरीमर मेला का काय?"

"मेला नसेल. लिहिणार नाही तो आता."

"का?"

लिडियानं हात पुसले, आत गेली आणि चौकडीचा एक चुरगळलेला कागद घेऊन आली. "यांच्या कोटात सापडला. धुवायला काढला तेव्हा. कच्चा मजकूर आहे. म्हटलं तुम्हाला सांगावं की नाही. वाचू?"

"वाच."

"तीनच ओळी आहेत. 'तिकीट पोहोचलं. माझे वडील सेक्रेटरी नव्हते, ते मी खोटं लिहिलं होतं. माझे वडील म्हणतात की तुम्ही आधी चेंडू भोकात घातला आणि मग त्यांना उचललं.' खाली सही. स्पेलिंगच्या दोन चुका आहेत."

"आभार?"

"नाहीत."

एलिया उन्हात बसून राहिला. लिडिया डबे वाळत घालून आत गेली तरी तो तिथंच होता. जगात एडविनला तिकिटं पाठवणारा माणूस एकच होता. राजाची मुंडकी सोडली तर आल्बमातलं जे काय खरं होतं ते त्याच्याकडून यायचं होतं. आणि एडविननं तीन ओळींत ते दार स्वतः लावून घेतलं होतं, आणि घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. सहा महिने बापाच्या तोंडचं हिणकस बोलणं ऐकून घेत बसला होता. हे सगळं एलियाला एकदम गिळता येईना. माणसाला एकदा नालायक ठरवून चार वर्षं काढल्यावर असं काही कळलं की पहिल्यांदा त्या माणसाचाच राग येतो.

संध्याकाळी एडविन आला, सायकल भिंतीला टेकवली, पँटच्या क्लिपा काढल्या.

"त्या लोरीमरला लिवलंस म्हनं," एलिया म्हणाला.

एडविननं घरात लिडियाच्या दिशेला पाहिलं. "लिहिलं."

"मंग तिकीट परत धाडलंस का न्हाई?"

"नाही."

"का?"

एडविननं क्लिपा खिशात टाकल्या. "वर्षभर शोधत होतो, आबा."

एलिया त्याच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या घशातून एक आवाज निघाला, तो हसण्याचा होता हे कळायला एडविनला वेळ लागला. "लोचट हायेस," एलिया म्हणाला. "खरं लिवायचं आन् तिकीट बी ठिवायचं. आन हिकडं, बघू दे."

इतक्या वर्षांत त्यानं आपण होऊन आल्बम मागितला नव्हता. एडविन आत जाऊन तो घेऊन आला, भिंगही आणलं. एलियानं केप व्हर्देचं पान मांडीवर घेतलं, भिंग लावलं, वर खाली केलं. बराच वेळ तो त्या चिमुकल्या माणसाकडं बघत होता, जसा एकेकाळी गोणपाट हातात धरून बघायचा तसा.

"कसा आहे?" एडविननं विचारलं.

"ह्यो बी तसलाच. खांदा बघ कसा उचललाय. ह्याचा चेंडू उजव्या अंगाला बाभळीत जानार. आन् तिथं कोनतरी वाकून हुडकत बसनार, त्यो काय तिकिटावर न्हाई."

"मग कसं मारायला पाहिजे होतं?"

एलियानं भिंग खाली घेतलं. साहेबांनी त्याला हे कधी विचारलं नव्हतं, ते विचारणारही नव्हते. आनंदरावांनी गमती विचारल्या होत्या. हा प्रश्न त्याला आजवर कुणीच केला नव्हता. तो गुडघ्यावर हात रेटून उठला, दारामागची छत्री घेतली, उलटी धरली आणि अंगणात पाय रोवून उभा राहिला. पाय किती अंतरावर, अंगठे कुठल्या दिशेला, डोकं कसं खिळ्यासारखं ठेवायचं आणि चेंडू गेल्यावरही ते दोन श्वास वर करायचं नाही, हे त्यानं सावकाश सांगितलं. छत्री मागं गेली आणि खाली आली, आणि म्हाताऱ्याच्या त्या हालचालीत कुठंही घाई नव्हती. लिडिया दारात येऊन उभी राहिली होती.

"दे मला," एडविन म्हणाला.

त्यानं छत्री धरली, पाय रोवले, बापासारखं सगळं केलं, आणि छत्री खाली येताच मान वर करून कुंपणाकडं पाहिलं.

"बघितलंस?" एलिया लिडियाला म्हणाला. "चेंडू न्हाईच, तरी हुडकायला लागला." त्यानं छत्री हातातून काढून घेतली. "तुला न्हाई जमायचं. तू आपला चिकटवत बस."

एडविन आल्बम घेऊन पायरीवर बसला आणि खिशातली पेन्सिल काढली. केप व्हर्देच्या तिकिटाखाली त्यानं मराठीत बारीक अक्षरात लिहिलं: खांदा उचललेला, डोकं वर. एलिया त्याच्या शेजारी उभा राहून अक्षर बघत होता.

"'डोकं वर' ह्ये आधी लिव्ह," तो म्हणाला. "आन् त्यो राजा काढून टाक. त्यानं काय मारलेलं न्हाई."

एडविननं राजा काढला नाही. एलियानं पुढं दोन वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्यावरून त्याला सोडलं नाही.